जिथे लाट फुटत नाही

धोक्याची पाटी समुद्राने नेली नाही, साहेब. तुम्ही काढलीत. फोटोत मध्येच येते म्हणून काढलीत. आणि ती होती तिथेच, अगदी त्याच जागी, पाण्यात उतरायला पायऱ्या बांधल्यात.

त्या पायऱ्यांच्या तोंडाशी ड्रायव्हरकाकांनी भरदुपारी व्हॅन उभी केली. किनाऱ्या-किनाऱ्याने दिवसभराची सहल, त्यातला हा तिसरा किनारा. टपावर सर्फिंगच्या दोन फळ्या बांधलेल्या. मागच्या सीटवर दोघं भावंडं. भाऊ नुकता नोकरीला लागलेला, बहीण कॉलेजातली.

"दादा, हे बघ ना! दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये पाणी कसं गुळगुळीत. माझ्यासाठीच ठेवलंय."

"ताई, तिथे नाही," काका म्हणाले. "लाट फुटते तिथून पाणी किनाऱ्याला येतं. फुटत नाही तिथून परत जातं. आणि जाताना रिकाम्या हाताने जात नाही."

भावाने मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. साहेब, तुमच्याच पर्यटन खात्याचं पान होतं ते. या किनाऱ्यापुढे हिरवा ठिपका. नवशिक्यांसाठी उत्तम.

"काका, तुम्ही स्टिअरिंग सांभाळा. समुद्राचं आम्ही बघतो. फळ्या सोडा."

"नाही सोडत."

"काय?"

"पुढच्या किनाऱ्यावर सोडतो. तिथे शिट्टीवाला जीवरक्षक आहे, झेंडे आहेत. इथे या ठिपक्याशिवाय कोण आहे तुम्हाला काढायला?"

भाऊ टाचा उंचावून स्वतःच दोरीशी झटू लागला. ती काकांची गाठ होती. वाऱ्याला दाद देत नव्हती, या शहाण्याला कुठून देणार? काका मनातल्या मनात हसले. फळी नाही तर समुद्र नाही, साधा हिशोब.

हिशोब चुकला. दोघं हमरीतुमरीवर आले तेवढ्यात बहिणीने चपला काढल्या.

"चालू द्या तुमचं. मी आपली पाय भिजवून येते."

पाणी गुडघ्यापर्यंत. मग कमरेपर्यंत. मग नुसतं डोकं दिसलं, आणि ते लांब लांब चाललं होतं.

"ठमेऽऽ!" भाऊ पायऱ्यांकडे धावला. काकांनी मागून कॉलर धरली.

"पोहता येतं?"

"थोडं थोडं—"

"मग जागचा हलू नकोस!"

काका टपावर चढले. आता फळी हवी होती. तिच्या हाती असती तर पोरगी तरंगत तरी राहिली असती. हे त्यांना आत्ता कळत होतं. नखं मोडली, दातांनी ओढून पाहिलं, स्वतःच मारलेली गाठ सुटेना. तिकडे ती सरळ किनाऱ्याच्या दिशेने हात मारत होती आणि तरी मागेच जात होती.

त्यांनी गाठीचा नाद सोडला. टपावर ताठ उभे राहिले. अरुंद वळणावर समोरच्या गाडीला कडेला घालायला हात करतात, तसे दोन्ही हात डावीकडे ढकलू लागले. अख्ख्या अंगाने.

"आडवी जाऽऽ! लाटांकडे! लाटांकडे जा, पोरी!"

आवाज पोचणं शक्यच नव्हतं. हात दिसले असावेत. डोकं थांबलं. मग डावीकडे सरकलं आणि फुटत्या पांढऱ्या पाण्यात दिसेनासं झालं.

दुसऱ्या लाटेने तिला वाळूवर आणून आपटलं. ती उठली नाही. पण खोकली.

तिला टॉवेलात गुंडाळून सीटवर बसवल्यावर भाऊ काकांपाशी आला.

"फळी दिली असतीत तर..."

"हो," काका म्हणाले. "ते माझ्या माथ्यावर. त्याचं उत्तर मी देईन."

मग सोललेल्या बोटांनी त्यांनी खात्याचा नंबर लावला. सगळं सांगितलं.

"बुडाली का?" तिकडून विचारणा झाली.

"नाही. वाचली."

"मग तक्रार कशाची लिहून घेऊ?"

मागच्या सीटवर पोरीचे दात कडाकडा वाजत होते.

"साहेब, किती बुडाले म्हणजे लिहून घेता? आकडा सांगा. नाही, फोन ठेवू नका. आकडा सांगा."