कोरी पाकिटं

"तोंडी गोष्टीवर फलक लिहिता येत नाही हो, ताई. कागद हवा," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "पाच वाजता मजकूर छपाईला जातो. गावातला पहिला प्लेटांचा कारखाना म्हणून मोठ्या कंपनीचंच नाव लागेल."

आप्पांच्या लेकीला हे पटणारं नव्हतं. फोटो काचेच्या प्लेटांवर निघायचे त्या काळात तिच्या आजोबांनी त्या प्लेटा बनवायचा कारखाना काढला होता, मोठी कंपनी यायच्या तीन वर्षं आधी. आप्पा जन्मभर हे सांगत आले आणि गाव जन्मभर हसलं. 'थापाडे' हेच नाव पडलं त्यांचं, तेही तोंडावर. पुरावा कधी कुणी मागितला नाही, नुसती टर उडवली. आता मागितला, तर आप्पा दवाखान्यात. अर्धांगवायूने वाचा गेली, उजवं अंग गेलं. दोन-चार दिवस धरा, असं डॉक्टर म्हणाले होते.

तिने पेटी पुढे सरकवली. आत चाळीस प्लेटा होत्या, तीन दिवस खपून पुसलेल्या, प्रत्येक नव्या पांढऱ्याशुभ्र पाकिटात. बाईंनी एक उजेडात धरली.

"सुरेख आहेत. पण ना साल, ना नाव. जुनी पाकिटं कुठायत?"

"रद्दीत घातली. पिवळी पडली होती, कडा झडत होत्या. तुमच्यासमोर तसली आणायची लाज वाटली."

"त्यांच्यावर काही लिहिलेलं होतं?"

"छे, कोरी होती. आजोबांनी घरीच चिकटवलेली. विकतचं पाकीट घेईल तर शपथ, असा माणूस."

बाईंनी पेटीचं झाकण हलकेच लावलं.

ती दवाखान्यात धावत आली तेव्हा साडेचार वाजले होते. आप्पा जागे होते. "आप्पा, कागद कुठंय हो? खुणेने तरी सांगा!" म्हणता म्हणता तिला रडूच फुटलं. उद्या सगळं गाव तो फलक वाचणार आणि आप्पा थापाडे म्हणूनच जाणार.

आप्पांनी डावा हात उचलला. पालथा धरला, उताणा केला. पुन्हा पालथा, पुन्हा उताणा.

"झालं यांचं सुरू," सिस्टर म्हणाली. "तुम्ही ती नवी पाकिटं दाखवायला आणलीत ना, त्या दिवसापासून हेच. कुशीवर वळवलं की जरा गप्प, की पुन्हा हात सुरू. अंगाला रग लागत असेल हो. धरा, पायांकडून धरा."

दोघींनी त्यांना भिंतीकडे वळवलं. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखलं असेल, असं वाटून तिने त्यांचा खांदा चोळला.

तेवढ्यात उशी सरकली आणि चष्मा खाली आपटला. तो ठेवायला तसलंच एक पिवळं पाकीट होतं, घरून चष्म्याबरोबर आलेलं. जुनी खळ ती, जोड सुटला. उचलायला ती वाकली, तर आत काहीतरी लाल दिसलं.

तिने जपून पाकीट उकललं. आतल्या बाजूला कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चित्र आणि परगावच्या कुठल्याशा फोटो स्टुडिओचं नाव लाल अक्षरांत छापलेलं. मधोमध शाईने आजोबांचं नाव, त्याखाली 'प्लेटांचा कारखाना' आणि गावाचा पत्ता. तिकिटावर टपालाचा गोल शिक्का, महिना-साल स्वच्छ. मोठ्या कंपनीच्या आधी दोन वर्षं दहा महिने! अहो, तो चिक्कू म्हातारा ऑर्डरीचं आलेलं पाकीट टाकून देईल होय? उकलायचं, उलटं करायचं, चिकटवायचं आणि त्यातच प्लेट घालायची.

तिने लगेच संग्रहालयात फोन लावला. "बाई, छपाई थांबवा! साल सापडलं. आत्ता घेऊन येते."

तिने फोन ठेवला. भिंतीकडे तोंड केलेल्या आप्पांचा हात पुन्हा वर आला होता. पालथा, उताणा, पालथा, उताणा.

"परत वळवू या का?" सिस्टरने बाह्या सरसावल्या.

"नको," ती म्हणाली. "तीन दिवस ते पाकिटं उलटा म्हणून सांगतायत, सिस्टर. आणि आपण त्यांनाच उलटतोय."