बादलचा तळहात

गाडी कुणाचीही असो, मीटर जोडण्याआधी बादल एसीच्या जाळीपुढे तळहात धरायचा. गॅस किती उरलाय, तळहातच सांगायचा. शिरपुरात त्याचं गॅरेज त्या हातावरच चालायचं. आज भर वैशाखात ज्ञानचंदशेठ गाडी घेऊन आले. “उद्या इंदूरला लग्न आहे, बादलभाऊ. एकदा बघून घ्या.” बादलनं पुढच्या सीटवर बसून हात धरला. हात काहीच बोलला नाही. “गॅस संपला, शेठ.” मागच्या सीटवरून शेठाणी कुरकुरल्या, “अहो, बंद करा तो एसी! गारठले मी!” शेठ हसले, “हिला तर शाल लागतेय!” बादलनं वाकून जाळीला गाल लावला. हवा अनेर नदीच्या पाण्यासारखी गार होती. “गॅस आहे,” पुटपुटत तो उतरला, बोनेटवर हात टेकून उभा राहिला. “भाऊ, हात काढा! पत्रा तापलाय!” शेठ ओरडले. “हो का?” म्हणत बादलनं, दुसऱ्याची वस्तू उचलावी तसा, हात उचलला.