घासलेली कड

"मावशी, हातमोजे घातल्याबिगर ढिगाला हात लावायचा न्हाई," वखारवाला बजरंग ओरडला. "हे भंगार हाय, मेथीची जुडी न्हाई."

तुळजाबाईंनी हातमोजे घेतले. तेलकट, जाड, दोन्ही डाव्याच हाताचे. ते चढवून त्या खाली बसल्या. समोर जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून निघालेल्या पट्ट्यांचा कमरेइतका ढीग. सगळ्या बोटभर रुंद, वीतभर लांब, सगळ्या तांबरलेल्या. त्यांतल्या चोवीस ऋतिकाच्या होत्या.

भाचीनं त्या इथूनच वेचून नेल्या होत्या. महिनाभर शाळेच्या कार्यशाळेत बसून एकेका पट्टीची धारदार कड कानशीनं घासून बोथट केली होती; घासलेल्या कडाही दमट हवेनं पुन्हा तांबरल्या होत्या. त्यांवर तांब्याची तार गुंडाळून विजेचा चुंबक करायचा, म्हणून काल ती पुडकं घेऊन घरी आली, तर तुळजाबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या. काल शनिवार. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही. "एकदा आणलं होतं, त्याचं काय झालं ते बघितलंय मी," एवढंच त्या म्हणाल्या. पुडकं रात्री जिन्याखाली राहिलं. सकाळी तिथं काही नव्हतं.

"बायडाबाईनं आणून टाकलं," बजरंग म्हणाला. "कचरा वेचती ती. दोरी तोडून ओतलं ढिगात. तिला काय ठावं, कुणाची इद्या हाय ती!"

"ट्रक कधी भरणार?"

"नऊला. जालन्याच्या भट्टीला चाललाय." त्यानं घड्याळ बघितलं. "आत्ता आठ वाजून गेलेत. दुसऱ्या चोवीस घेऊन जा की. फुकट देतो."

"दुसऱ्यांनी हात कापतो. गेल्या साली एका मुलीच्या वस्तूनं परीक्षकांचं बोट कापलं, तर ती टेबलावरून उचलून बाहेर ठेवली. घासायला महिना लागला हो तिला. प्रदर्शन उद्या आहे."

नंबर आला तरच अकरावीला सायन्स, असं भाऊ चार पाहुण्यांदेखत बोलून बसला होता. बोलला की फिरणाऱ्यांतला तो नव्हे. ऋतिका सकाळी रडलीसुद्धा नाही. "पप्पांना तूच सांग, आत्या," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

"अवो, पण वळखणार कशा?" बजरंगनं विचारलं. "समद्या एका आईच्या."

तुळजाबाईंनी हातमोज्यांकडं पाहिलं. मग दोन्ही काढून बाजूला ठेवले.

"मावशी!"

पहिल्या पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. कापला. दुसरीनंही कापला. सातवी मात्र अंगठ्याखालून अलगद गेली, वापरून वापरून झिजलेल्या उलथन्याच्या कडेसारखी. ती त्यांनी ओच्यात ठेवली.

"धनुर्वाताचं इंजेक्शन मी देऊ का डॉक्टर देईल?" बजरंग म्हणाला. तुळजाबाईंनी मान वर केली नाही.

ओच्यात नऊ झाल्या. मग चौदा. रस्त्यापलीकडं नव्या कॉम्प्युटर क्लासचं शटर वर गेलं आणि रविवारची बॅच चपला काढून आत शिरू लागली. ढिगाच्या दुसऱ्या बाजूनं दोघं हमाल फावडी घेऊन आले. पट्ट्या खणखणत ट्रकात पडू लागल्या. तुळजाबाई गुडघ्यांवर पुढं सरकल्या, हमालांच्या फावड्यांपुढं.

"एवढी बाजू शेवटी घ्या रे," बजरंग हमालांना म्हणाला.

सतरा. एकोणीस. मग मिळेचना. दहाही बोटं चिरली होती आणि आता कुठलीच पट्टी बोटांना कळत नव्हती. घासलेली तेवढीच झोंबत होती, न घासलेलीही तेवढीच. ओच्यातल्या एकोणीस तरी खऱ्या का, असं मनात आलं आणि त्यांचा हात थांबला.

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं.

"ऱ्हाऊ द्या आता," बजरंग जवळ येऊन हळू म्हणाला. "बोटं ऱ्हायली न्हाईत तुमची."

तुळजाबाईंनी हात पदराला पुसले. पुढची पट्टी उचलली, आणि तिची कड हळूच गालावरून ओढली.