आधी उजवा

तीन मुक्काम झाले तरी कॅराव्हॅनमधले ओले टॉवेल वाळेनात. नवऱ्याने एक टॉवेल कोरड्या चादरीत गुंडाळला, वळकटी जमिनीवर ठेवली आणि बायकोला म्हणाला, “चढ. एकट्याच्या वजनाने पाणी निघत नाही.” दोघे समोरासमोर, एकमेकांचे खांदे धरून वळकटीवर उभे राहिले. “आधी डावा पाय, मग उजवा,” म्हणत तो सराईतपणे डुलू लागला. त्याच्या पहिल्या बायकोचे फोटो, कपबशा, पडदेसुद्धा तिने लग्नानंतर महिन्याभरात घराबाहेर काढले होते. ही युक्ती तेवढी राहून गेली होती. तिने मुद्दाम उजवा दाबला. दोघे एका बाजूला कलून कपाटावर आदळले. “अगं, आधी डावा!” “कोणी ठरवलं?” त्याने सवयीने पुन्हा डावाच दाबला. “तिच्याबरोबरच नाचत बस!” “टॉवेल वाळवतोय गं मी!” “मग यापुढे आधी उजवा.” उजवा पाय उचलताना तो नवशिक्यासारखा अडखळला. तिला बरं वाटलं.