उलट्या बाजूची परीक्षा

"उसव!" कुमुदआजींनी नातीला तिचा शाळेचा रुमाल चौथ्यांदा परत केला. "भरतकामाची परीक्षा उलट्या बाजूने होते. तिथे एकही गाठ दिसता कामा नये."

त्यांना तो अधिकार होता. लग्नाआधी त्यांना बघायला आलेल्या पाहुण्यांनी म्हणे त्यांचा भरतकामाचा मोर पाहूनच होकार दिला होता. तो मोर आता दिवाणखान्यात काचेआड बसला होता आणि त्याच्या जोरावर आजी पन्नास वर्षं घरातल्या प्रत्येक बाईच्या हाताला नावं ठेवत होत्या.

नऊ वर्षांच्या नातीने ती परीक्षा लगेच घेतली. खुर्चीवर चढून तिने मोराची फ्रेम उतरवली आणि मागचा पुठ्ठा काढला. खरंच, गाठ एकही नव्हती. कोपऱ्यात बारीक टाक्यांत एक नाव मात्र होतं.

"आजी, इंदू कोण गं?"

स्वयंपाकघरात सून होती. आजींचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या शेजारची. दाखवण्यापुरता मागून आणला होता. आईला सांगू नकोस हं, राणी."

"मग माझा शाळेचा रुमाल तू भरून दे."

आजींनी चार दुपारी दार लावून तो भरला. सोमवारी रुमाल शाळेतून परत आला, तेव्हा सुनेने बाईंचा शेरा मोठ्याने वाचला. "दहापैकी तीन. मागे गाठीच गाठी. अहो आई, तुम्ही शिकवूनसुद्धा?"

नात गालातल्या गालात हसत आजीकडे बघत राहिली.

"त्या बाईला काय कळतंय!" आजी कडाडल्या. "माणसाने सुलट बाजू बघावी!"