टँकरची पाळी

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात सिद्धेश्वरच्या चुलतभावाचं लग्न थायलंडला ठरलं. लातूरहून निघणाऱ्या चाळीस पाहुण्यांसाठी सूचनांचा कागद त्यानंच लिहिला. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत घेऊ नका. पासपोर्ट पेटीच्या तळाशी कोंबू नका. हॉटेलात मोठ्यानं बोलू नका. आणि शेवटी, टँकरची पाळी चुकू नये म्हणून घरटी एक माणूस मागं ठेवा.

तिथं पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी हॉटेलवाला त्याला नीलम्माकाकूंच्या खोलीत घेऊन गेला. बघतो तर टब काठोकाठ भरलेला. किटली, ग्लास, कचऱ्याचा डबासुद्धा पाण्यानं भरून वर टॉवेल झाकलेले. सिद्धेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, हे काय करून ठेवलंय? पार लाज काढली तुम्ही आमची!"

"नळाला पाणी होतं बाबा," काकू पदर सावरत म्हणाल्या. "परत कधी येतंय काय म्हाईत."

हॉटेलवाला गालात हसला. सिद्धेश्वरनं रागारागानं टबाचं बूच उपटलं. पाणी गुडगुडत खाली जाऊ लागलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. लातूरहून आई बोलत होती.

"सिद्धू, आजबी टँकर आला न्हाई रे. सकाळधरनं हुबी होते. शेजारच्या सरजाबाईनं कळशीभर दिलं, तेवढ्यात भागंल. तू जेवलास का? आन ह्यो कसला आवाज यायलाय?"

"काही न्हाई, अव्वा," म्हणत त्यानं बूच परत दाबून बसवलं. तोवर टबात कळशीभरच उरलं होतं.