बिनखोट पिस्तूल

पिस्तुलांच्या कारखान्यातला डिझायनर नॉर्बर्ट नवं मॉडेल बाजारात आणण्याआधी ते पारखायला अमेरिकेतल्या आयडाहोच्या व्हर्जिल स्टॉकस्टिलकडे पाठवायचा. व्हर्जिल आणि त्याचा रोज भरणारा गन क्लब म्हणजे भलतंच चोखंदळ गिऱ्हाईक. पिस्तूल खिशात मावावं, पण मूठ पंजाभर हवी. वजनाला हलकं हवं, पण झाडताना हाताला धक्का बसता कामा नये. गोळ्या सतरा बसाव्यात, जाडी मात्र बोटभरच. दरवेळी तक्रारींचं लांबलचक पत्र ठरलेलं.

नॉर्बर्ट इरेला पेटला. चार वर्षं खपून त्यानं एकूण एक मागणी पुरी केली आणि पिस्तूल धाडून दिलं. महिना झाला तरी पत्र नाही. त्यानं खुशीत सगळ्या कारखान्याला डोनट वाटले.

मग व्हर्जिलच्या बायकोचा, डार्लीनचा फोन आला.

"कसं वाटलं पिस्तूल?" नॉर्बर्टनं विचारलं.

"खोटच सापडेना हो! क्लबात भांडायला विषय उरला नाही. बैठकच मोडली त्यांची."

नॉर्बर्टची छाती फुगली. "अहो, आभार कसले मानता!"

"आभार? म्हातारा आता दिवसभर घरात असतो. कांदा कसा चिरायचा, दार कसं लावायचं, सगळं मला शिकवतो. बेचाळीस वर्षांचा संसार आहे माझा. दया करा आणि त्या पिस्तुलात लवकर काहीतरी बिघडवा!"